फ्लॅश कार्ट्रिजवर सरसकट चोरीचा शिक्का मारू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हातात धरून खेळण्याच्या जुन्या गेम यंत्रांसाठी ‘फ्लॅश कार्ट्रिज’ नावाची, हवे ते गेम लिहून घेता येणारी जी कोरी कॅसेट मिळते, तिच्याविषयी आमच्या भागात दोनच मते ऐकू येतात. एक मत दुकानदाराचे आणि त्याच्या गिऱ्हाइकाचे: कार्डात शेकडो गेम भरून मिळत असताना विकत कोण घेणार? दुसरे मत काही जागरूक पालकांचे आणि शिक्षकांचे: ही वस्तूच मुळात चोरीची, ती घरात असू नये. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक आहे. ओळखीच्या घरांतली अशी यंत्रे दुरुस्तीसाठी माझ्याकडे येत असतात आणि या दोन्ही मतांनी होणारे नुकसान मला जवळून दिसते. पहिल्या मतामुळे गेम रचणाऱ्याच्या कष्टांचे मोल बुडते. दुसऱ्या मतामुळे, ज्याने पैसे मोजून गेमची मूळ कॅसेट घेतली त्याला तिची राखीव प्रत (बॅकअप) वापरता येत नाही आणि ती कॅसेट डोळ्यांदेखत निकामी होते आणि ज्या मुलाला स्वतःचा गेम रचायचा आहे त्याच्या हातातले साधन काढून घेतले जाते.

खेड्यात ही यंत्रे आहेतच किती, असे कोणी विचारेल. वाटतात त्यापेक्षा ती अधिक आहेत. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी नोकरीला गेलेला मामा, काका दिवाळीत गावी येतो आणि भाच्या-पुतण्यांसाठी आपल्या मुलांनी वापरून ठेवलेले यंत्र घेऊन येतो. निन्टेंडो कंपनीचा गेम बॉय १९८९ सालचा, गेम बॉय ॲडव्हान्स २००१ चा आणि दोन पडद्यांचा डीएस २००४ चा. एकट्या डीएसची जगभरात १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली, तेव्हा त्यांतली काही वऱ्हाडात पोहोचली यात नवल नाही. मात्र यंत्र पोहोचते, त्याची कॅसेट पोहोचत नाही. तालुक्याला अधिकृत विक्रेता नाही, कंपनीने त्या कॅसेटी बनवणे केव्हाच थांबवले आहे, आणि यंत्राबरोबर ज्या दोन-चार कॅसेटी आल्या असतील त्यांवरच त्या घराची भिस्त असते.

मूळ कॅसेटमध्ये जी चिप असते तिच्यावरील मजकूर कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. तो वाचता येतो, बदलता येत नाही. फ्लॅश कार्ट्रिजमध्ये त्या जागी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश स्मृती असते किंवा मोबाइलमध्ये घालतो तसले मायक्रोएसडी कार्ड बसवण्याची खाच असते. (ही फ्लॅश स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. पेन ड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत आज ती सर्वत्र आहे, पण विद्यार्थ्यांना त्यांचे नाव सहसा माहीत नसते, म्हणून येथे नोंदवतो.) कार्ट्रिजचा आकार मूळ कॅसेटीएवढाच असतो, यंत्राला ती मूळ कॅसेटच वाटते, आणि तिच्यावर काय लिहायचे हे मालक ठरवतो. पूर्वी बाजारात गाण्यांच्या कोऱ्या कॅसेटी मिळत. कोणी त्यांवर सिनेमाची गाणी उतरवून विकली, कोणी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या. पण पहिल्याच्या गुन्ह्यापायी दुसऱ्याची कॅसेट कोणी जप्त केली नाही. कोऱ्या फ्लॅश कार्ट्रिजकडे त्याच नजरेने पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.

राखीव प्रतीची गरज खरोखर का पडते, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ज्यांनी कॅसेट उघडून पाहिलेली नाही त्यांना ती सबब वाटते. गेम बॉयच्या पुष्कळ कॅसेटींत खेळाची प्रगती साठवण्यासाठी जी स्मृती असते ती विजेवर जगते. तिच्यासाठी आत ३ व्होल्टची एक चपटी गोल बॅटरी डाखलेली असते, पुष्कळदा सीआर २०२५ किंवा त्याच मालिकेतील दुसऱ्या मापाची. तिचे आयुष्य फार तर वीस-पंचवीस वर्षांचे, म्हणजे त्या काळच्या बहुतेक बॅटऱ्या आता संपल्या आहेत किंवा संपत आल्या आहेत. बॅटरी संपली की साठवलेले सर्व पुसले जाते. आणि ती संपण्याआधी बदलावी म्हणून काढली, तरी काढताक्षणी तेच होते. म्हणून योग्य क्रम असा, की आधी संगणकाला यूएसबीने जोडता येणाऱ्या कॅसेट-वाचकात कॅसेट घालून तिच्यातील गेम आणि साठवलेली प्रगती, दोन्हींची प्रत काढावी, मग जुनी बॅटरी सोडवून नवी डाखावी, आणि त्यानंतर प्रगती परत कॅसेटमध्ये लिहावी. नवी बॅटरी पट्ट्या जोडलेलीच घ्यावी. साध्या बॅटरीवर थेट डाख देण्याचा प्रयत्न करू नये, कारण उष्णतेने ती फुटू शकते.

प्रत काढताना घाई करून चालत नाही. एकच कॅसेट दोनदा वाचावी आणि दोन्ही प्रतींची तपासणी-बेरीज (चेकसम, म्हणजे संगणकाने साऱ्या मजकुरावरून काढलेली संख्या) जुळते का ते पाहावे. ती जुळली नाही तर दोष बहुधा संपर्कपट्ट्यांचा असतो. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने या पट्ट्या काळवंडतात, उन्हाळ्यात धुळीने माखतात. मग यंत्र सुरू केल्यावर कंपनीच्या नावाच्या जागी नुसती काळी पट्टी उतरते आणि सारे तिथेच थांबते. गेम बॉय सुरू होताना कॅसेटमधील कंपनीचे ४८ बाइटांचे चिन्ह स्वतःजवळच्या चिन्हाशी ताडून पाहतो आणि ते नीट वाचता आले नाही तर पुढे जात नाही, हे त्यामागचे कारण. घरातली मुले अशा वेळी कॅसेटमध्ये फुंकर मारतात. फुंकरीतल्या ओलाव्याने गंज वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने पट्ट्यांवर फिरवून त्या पूर्ण वाळू दिल्या, तर ‘मेली’ म्हणून अडगळीत टाकलेली कॅसेट पुष्कळदा पुन्हा चालू लागते, आणि तिची प्रत घेण्याची वेळ तीच असते.

डीएसच्या कॅसेटीत अशी बॅटरी नसते. मात्र तिची प्रत काढायला वेगळी सोय लागते. त्याच कंपनीच्या नंतरच्या ३डीएस यंत्रावर चालणारे ‘गॉडमोड९’ नावाचे साधन ते काम करते, आणि हे साधन कंपनीने दिलेले नाही. हौशी प्रोग्रॅमरांनी ते लिहून विनामूल्य खुले केले आहे. अशा घरगुती, कंपनीबाहेरच्या रचनांना ‘होमब्रू’ म्हणतात. होमब्रू आणि राखीव प्रत या दोन गोष्टी वरवर वेगळ्या दिसल्या तरी व्यवहारात एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत, हे विसरू नये.

आता कायद्याविषयी. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एए) असे सांगते, की संगणक-प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीररीत्या आहे, त्याने ती गहाळ, नष्ट किंवा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, आणि केवळ मूळ हेतूसाठी वापरण्याकरिता, राखीव प्रत काढली तर तो कॉपीराइटचा भंग नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए प्रत काढता येऊ नये म्हणून घातलेले डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण तेथेही ‘हक्कभंगाच्या हेतूने’ ही अट आहे. याउलट, बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती वापरणाऱ्याला कलम ६३बी लागू होते. त्यात किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि वापर कमाईसाठी नसेल तरच न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. ही तीन कलमे शेजारी ठेवून वाचली की रेषा कोठे आखली आहे ते स्पष्ट दिसते. माझी कॅसेट, मी काढलेली तिची प्रत, माझ्या यंत्रात: हे एका बाजूला. इंटरनेटवरून उतरवलेला, मी कधीही विकत न घेतलेला गेम: हे दुसऱ्या बाजूला. कॅसेट विकून टाकली तर तिची प्रतही ठेवू नये, हे त्यातूनच निघते. ‘उतरवलेला गेम २४ तासांत पुसला तर चालतो’ असा एक समज मुलांमध्ये पसरलेला आहे. या कायद्यात तशी कोणतीही सवलत नाही, हे पालकांनी मुलांना स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे दडवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. डीएससाठी आलेल्या ‘आर४’ या कार्डासारख्या फ्लॅश कार्ट्रिजने आणि तिच्या असंख्य नकलांनी गेम उद्योगाचे मोठे नुकसान केले. निन्टेंडो आणि ५४ गेम-निर्मात्या कंपन्यांनी २००८ मध्ये टोकियोत दावा लावला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने अशा कार्डांची आयात व विक्री थांबवण्याचा आदेश दिला. लंडनच्या उच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये तर होमब्रूसाठी उपयोग होतो हा बचावही अमान्य केला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने, एका इटालियन विक्रेत्याच्या प्रकरणात, अशी साधने प्रत्यक्षात कोणत्या कामासाठी किती प्रमाणात वापरली जातात हे पाहावे आणि कंपनीचे संरक्षण गरजेपेक्षा अधिक नसावे, अशी कसोटी सांगितली. मला हा शेवटचा विचार न्याय्य वाटतो. परंतु आपल्याकडचा दुकानदार भरलेले कार्ड काउंटरवर ठेवून ‘यात सगळे गेम आहेत’ असे सांगून विकतो, तेव्हा त्याच्या बचावासाठी यांतल्या कोणत्याही निकालाचा आधार घेता येणार नाही. तो गुन्हाच आहे, आणि आमच्या बाजाराच्या दिवशी तो उघड्यावर चालतो याचे मला दुःख होते. गेमसुद्धा कोणीतरी रात्री जागून लिहिलेला असतो.

जुने गेम पैसे देऊनही मिळत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. निन्टेंडोने ३डीएसचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने त्याच वर्षी जाहीर केलेल्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. म्हणून हाती असलेली कॅसेट जपणे महत्त्वाचे ठरते. मिळत नाही म्हणून उचलावे, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

ज्या उपयोगाबद्दल मला सर्वांत अधिक बोलावेसे वाटते, त्याकडे आता वळतो. ‘जीबी स्टुडिओ’ नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम आहे. ख्रिस मॉल्टबी यांनी तो लिहिला आणि २०१९ मध्ये खुला केला. साध्या संगणकावर, प्रोग्रॅमिंगची भाषा न शिकताही, त्यात गेम बॉयसाठी खरा चालणारा गेम रचता येतो. तो फ्लॅश कार्ट्रिजवर उतरवला की पस्तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर चालतो. आमच्या काही विद्यार्थ्यांनी तान्ह्या पोळ्यावर एक छोटा गेम रचला. मुलगा लाकडी नंदी सजवून घरोघर नेतो, प्रत्येक घरी त्याला शेतीच्या एखाद्या अवजाराचे चित्र दिसते आणि वखर, डवरा, तिफन, बंडी यांतले योग्य नाव निवडले की बोजारा (पोळ्याला मुलांना घरोघर मिळणारी भेट) मिळतो. सांगायला सोपा वाटणारा हा गेम रचताना मुलांना जे शिकावे लागले, ते मी वर्गात फळ्यावर शिकवू शकलो नसतो.

गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा आणि त्यात छटा चारच. चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींतून जोडावे लागते. इंग्रजी अक्षर अशा एका चौकटीत मावते. देवनागरी अक्षर मावत नाही, कारण त्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांसाठी जागा लागते आणि खाली उकारासाठी. मुलांनी प्रत्येक ओळीला सोळा ठिपक्यांची उंची दिली: वरचे चार मात्रांना, एक शिरोरेषेला, आठ अक्षराला, खालचे तीन उकाराला. म्हणजे पडद्यावर नऊ ओळी मावल्या. ‘पऱ्हाटी’तला ऱ्ह तरीही बसेना, “सर, हे चंद्रकोर कुठीसा लावाची?” असे म्हणत एकाने तो पुनःपुन्हा काढला. शेवटी त्यांनी जोडाक्षरे सुटी न काढता पूर्ण शब्दाचेच चित्र काढायचे ठरवले. ते करताना एका दृश्यात वापरायच्या चौकटींची मर्यादा आडवी आली, तेव्हा दोन शब्दांतल्या सारख्या दिसणाऱ्या चौकटी सामाईक करून त्यांनी जागा वाचवली. स्मृतीची काटकसर, लिपीची घडण, सोसलेल्या चुका आणि सुधारणा, हे सारे त्या एका खटाटोपात आले. गेम संगणकावर नीट चालत होता, पण प्रत्यक्ष यंत्रावर घातल्यावर दोन छटांमधला फरक उन्हात दिसेना आणि त्यांना रंगसंगती बदलावी लागली. हातातल्या यंत्रावर तपासल्याशिवाय हे कळले नसते, आणि फ्लॅश कार्ट्रिज नसती तर यंत्रावर तपासता आले नसते. या गेममध्ये कोणाचे काही चोरलेले नाही. त्याचा कॉपीराइट त्या मुलांचा आहे.

मोबाइलवर हजारो गेम असताना हा आटापिटा कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. आमच्याकडे बहुतेक घरांत कामाचा मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर शेतात जातो. मोबाइलवरच्या गेममध्ये जाहिराती येतात, मधेच पैसे मागितले जातात, आणि नेटचे टॉवर एखाद्या वळवाच्या पावसात दिवसभर गप्प असते. गेम बॉय ॲडव्हान्स दोन साध्या पेन्सिल सेलांवर कंपनीच्या सांगण्याप्रमाणे पंधरा तास चालतो. भारनियमनात तो अडत नाही, नेट मागत नाही आणि मुलाची कोणतीही माहिती कोठे पाठवत नाही.

फ्लॅश कार्ट्रिज घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. जुने मूळ आर४ फक्त २ जीबीपर्यंतचे मायक्रोएसडी कार्ड वाचते; त्याहून मोठे घातले आणि ते चालले नाही म्हणून कार्ट्रिज फेकू नये. नंतरच्या कार्ट्रिजसाठी कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करावे लागते. स्वस्त मायक्रोएसडी कार्डांत वर लिहिलेली क्षमता खोटी असण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, म्हणून नवे कार्ड आधी काठोकाठ भरून, पुन्हा वाचून तपासावे. एच२टेस्टडब्ल्यू हे विनामूल्य साधन तेच करते. आर४च्या काही नकलांच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक तारखेनंतर ते चालूच होऊ नये अशी तरतूद करून ठेवलेली असते. तसे झाले तर कार्ट्रिज बिघडली असे समजून नवी घेऊ नये. तिच्यावर चालणारे पर्यायी खुले सॉफ्टवेअर बहुधा उपलब्ध असते. आणि राखीव प्रती केवळ त्या कार्डावर ठेवू नयेत. आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडलेले कार्ड कधी दगा देईल याचा नेम नसतो. गेम बॉयची संपूर्ण कॅसेट जास्तीत जास्त ८ एमबीची, ॲडव्हान्सची ३२ एमबीची. संगणकावर एक आणि पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवायला जागेची अडचण कोणालाच येऊ नये.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की अशा वस्तूंविषयी बातमी देताना कोरी कार्ट्रिज आणि चोरीचे गेम भरलेले कार्ड यांत फरक करावा. कारवाई झाली तर ती भरलेल्या कार्डांवर व्हावी. दुकानदारांनी कार्ट्रिज कोरी विकावी आणि तिची पावती द्यावी. ज्या शाळांत संगणक धूळ खात आहेत तेथील शिक्षकांनी जीबी स्टुडिओ एकदा मुलांपुढे उघडून पाहावा. एक फ्लॅश कार्ट्रिज आणि एक जुने यंत्र साऱ्या वर्गाला आळीपाळीने पुरते.

कॅसेट-वाचक आमच्या कार्यशाळेत आहे आणि कार्यशाळेचा पत्ता मी आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिला आहे. पंचक्रोशीतील ज्यांना आपल्या कॅसेटीची प्रत काढून घ्यायची असेल किंवा तिची बॅटरी बदलायची असेल, त्यांनी मूळ कॅसेट आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन शनिवारी दुपारनंतर यावे. मोबदला घेतला जाणार नाही, बॅटरीची किंमत तेवढी द्यावी लागेल. बाजारातून भरून आणलेली कार्डे दुरुस्त करून दिली जाणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक आयटीआय निदेशक,
जि. यवतमाळ